गावपळणीतली निवडणूक

आईनं शेवटची कोंबडी डालग्यात कोंबली, वर गोणपाट बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते कागद घेवन काय करतलंस थंय? चुलीत घालूक व्हये काय?"

माझ्या हातात प्रचाराची उरलेली पत्रकं होती. वर माझा फोटो, खाली शिलाई मशीन ही निशाणी आणि त्याखाली 'प्रभाग दोनच्या उमेदवार कु. अक्षता राऊळ, बी.एस्सी.' हे बी.एस्सी. बाबांनी घातलेलं. त्यांचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं आणि पत्रकावर मशीनच्या खाली त्यांना खरं तर दुकानाचंही नाव घालायचं होतं.

मी पत्रकं पडवीतल्या कोनाड्यात ठेवली. दुपार टळत आली होती. देवळाकडून ढोल ऐकू आला आणि आमच्या वाटेनं गुरं, बैलगाड्या, डोक्यावर टोप घेतलेल्या बायका, दोरीला बांधलेली बकरी असं सगळं गाव शिवेच्या दिशेनं चालू लागलं.

आमच्या वायझडे गावात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण होते. ग्रामदेव रवळनाथाचा कौल घ्यायचा, त्यानं दिलेल्या दिवशी सगळ्यांनी गुरंढोरं, कुत्री-कोंबड्यांसकट गाव सोडायचं आणि शिवेबाहेर माळावर झावळांच्या खोपी घालून राहायचं. तीन दिवस गावात चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी देवानं परत या म्हटलं की यायचं. मधल्या काळात कुणी शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर शिक्षा काय, ते कुणालाच ठाऊक नाही, कारण आजवर कुणी ओलांडलेली नाही.

एरवी मला गावपळण फार आवडे. त्या वर्षी मात्र मला ती नको होती. ग्रामपंचायतीचं मतदान नेमकं गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं.

दोन्ही तारखा बदलून पाहण्याची खटपट मी केली होती. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, ही तारीख वरून आली आहे. मग मी देवळात गेले. भाई गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या निवडणुकीसाठी पळण चार दिवस फुडे घेवक तुझी राजीखुशी आसा काय', मागे उभ्या असलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. डावी पडली. म्हणजे नाही. पाकळी ओली असते तोवर चिकटते, सुकली की पडते. डावी आधी सुकली यात देवाचा हात किती आणि दारातून येणाऱ्या वाऱ्याचा किती, असं मी उभ्या उभ्या मनाशी मांडत होते. पण मला जाणवलं ते वेगळंच. डावी पडल्यावर देवळातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. माझ्या आईनंसुद्धा.

एकूण ही तारीखही वरून आली होती.

मुळात आमच्याकडे निवडणूक होतच नसे. सगळे प्रभाग बिनविरोध. चार माणसं देवळाच्या पारावर बसत, यंदा ह्या वाडीतला हा, त्या वाडीतली ती, असं ठरे आणि ज्याचं नाव निघे तो बहुधा कपाळाला हात लावी. आमच्या वाडीतून मागची पाच वर्षं शेवंतीकाकी घाडी होती. आमची शेजारीण, भाताची गिरण चालवणारी. ती सभेला जाई, चहा पिई, दाखवतील तिथं सही करी आणि परत येई. मी एकदा विचारलं होतं, सभेत काय झालं. ती म्हणाली होती, "बिस्कुटां बरी होती."

आणि मी नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले होते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आमच्याच वाडीच्या विहिरींचं पाणी तपासलं होतं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत जायचं, दर्शक घालून पिवळ्या केलेल्या पाण्याचा रंग विटकरीकडे वळला की थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. खालच्या विहिरींचा रंग वळता वळत नसे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. खाडीच्या तोंडाशी खारबंधारा आहे, त्याला लाकडी झडप असते. भरतीला ती आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. ती झडप कधीतरी मोडली होती. भरतीचं पाणी सरळ आत येत होतं, मळ्यात पसरत होतं आणि तिथून जमिनीत मुरत होतं. पंचायतीनं ठराव करून पाठपुरावा केला तर झडप नवी बसली असती. कुणी करत नव्हतं. म्हणून मी अर्ज भरला. पारावरून पुन्हा शेवंतीकाकीचंच नाव निघालं होतं, त्यामुळे बाकी सगळे प्रभाग बिनविरोध आणि आमच्या वाडीत आम्ही दोघी समोरासमोर.

बाबांशी सौदा झाला होता. मला गोव्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी लागत होती. मी म्हटलं, मला गावात राहून हे काम करायचंय. बाबा म्हणाले, "एक निवडणूक लढव. जिंकलंस तर ऱ्हव. हरलंस तर गोव्याक जावचा, मगे रडूचा नाय." मी कबूल केलं.

मी घरोघर फिरले. प्रत्येक घरात बसायला पाट मिळाला, पाणी मिळालं, सोलकढी मिळाली. मी आकडे सांगितले. सगळ्यांनी मान हलवली. आणि शेवटी सगळ्यांनी एकच शब्द उच्चारला: "बगूया." एका घरात मी चिडून म्हटलं, बगूया काय, तुमच्याच विहिरीचं पाणी आहे. त्या घरच्या आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, परतताना ओंजळीत आवळे घातले आणि म्हणाल्या, "व्हय गो बाये. बगूया." हे लोक स्वतःच्या पिण्याच्या पाण्याबद्दलही उदासीन कसे असू शकतात, हे मला कुठल्याच नियमात बसवता येत नव्हतं.

शेवंतीकाकीनं प्रचार केला नाही. मी तिच्याही घरी गेले होते, रीत म्हणून. तिनं मला घावणे वाढले.

तर अशी आम्ही दोघी. आणि दोघींना एक गोष्ट माहीत होती, जी बाकी कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. कचेरीत मी साहेबांना विचारलं होतं, कुणीच मत दिलं नाही तर काय होईल. शून्य-शून्य म्हणजे बरोबरी, मग चिठ्ठी टाकायची, असं ते म्हणाले. मी विचारलं, एक-शून्य झालं तर. साहेब हसले. "तर एकवाली निवडून आली. एक मतही मतच असतं, ताई." त्या वेळी शेवंतीकाकी माझ्या शेजारी उभी होती. तीही कसल्यातरी सहीसाठी आली होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

माळावर पोचलो तर आईनं आमची खोप घाड्यांच्या खोपीला खेटून घालायला लावली आणि दोघांत मिळून एकच चूल खणली. दरवेळी असंच असायचं, पण यंदा मला ते जरा अति वाटलं. वाडीतल्यांना तर खाद्यच मिळालं. जाता-येता कुणीतरी टोपात डोकावून विचारी, की हे कुठल्या पक्षाचं कालवण. काकीची निशाणी कपबशी होती. सकाळी तिच्या नवऱ्यानं, बाबुलीकाकांनी, माझ्यापुढे चहा धरला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घे. मशीनवाल्यांका कपबशीतसून चाय."

मतदानाचे कर्मचारी आदल्या संध्याकाळी जीपनं माळावरून गावात गेले होते. शाळेची चावी गावानं शिवेवरच्या दगडावर ठेवून दिली होती. गाव मत द्यायला जाणार नव्हतं, पण पाहुणे उपाशी राहू नयेत याची काळजी सगळ्यांना होती. त्यांचं जेवण आळीपाळीनं शिवेवर पोचवायचं ठरलं. गावात मतदान आहे याची आठवण लोकांना एवढ्याच निमित्तानं होत होती. त्या दिवशी माळावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगले होते, बायका फुगड्या घालत होत्या, भाई गुरव कुणाच्या तरी हरवलेल्या रेड्याचा शोध घेत होते. मी झाडाला टेकून बसले होते आणि माझा डोळा एकाच माणसावर होता.

जेवणानंतर माझी जरा नजर हटली. परत बघितलं तर काकी नव्हती.

आईला विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "गेली असात खंयतरी." बाबुलीकाका पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, की डबा घेऊन गेली वाटतं. डबा न्यायची पाळी आज तिची नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी उठले. आधी चालत होते, काजूच्या बागेत शिरल्यावर धावायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे एक-शून्य असा निकाल होता आणि त्यामागे गोव्याची बस.

आमची शीव म्हणजे एक व्हाळ. पावसाळ्यात तो माणूस ओढून नेईल, पण तेव्हा जेमतेम गुडघाभर पाणी होतं. पलीकडे कापणी झालेले मळे आणि त्यापलीकडे शाळा, दारावर कागद चिकटवलेली. काकी व्हाळाच्या अलीकडच्या दगडावर बसली होती. डबा शेजारी होता. वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या आणि लुगड्याचा ओचा वर खोचलेला.

"इलंस?" ती म्हणाली. "माका वाटलाच, तू येतलंस."

"तू काय करतंस हंय?"

"डबो घेवन इलंय."

"डबो देवक वहाणो कित्याक काढलंस?"

काकीनं वहाणांकडे बघितलं, जणू त्या दुसऱ्या कुणी काढल्या होत्या. मग खुदकन हसली. "मत देवक इलंय. आणि तू?"

"मी पण," मी म्हटलं.

मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले. दुसरं काही सुचलं नाही. मी जाते म्हटलं असतं तर तीही उठली असती. ती उठली असती तर मीही. दोघी गेलो तर एक-एक. मग पुन्हा बरोबरी आणि वर शीव मोडल्याचं पाप. गणित सोपं होतं. म्हणून बसून राहिलो.

थोड्या वेळानं मळ्यातून एक गृहस्थ आले. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. हे केंद्राध्यक्ष गुंजाळसर, घाटावरच्या कुठल्याशा शाळेतले मास्तर. डबा घ्यायला स्वतःच आले होते. बहुधा तेवढंच काम होतं. बूट काढून, पँट दुमडून ते व्हाळ ओलांडून आले, डबा उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. कालच्या जेवणाची त्यांनी फार तारीफ केली. असा ताजा मासा जन्मात खाल्ला नव्हता म्हणाले.

"शेवटां मासळी ती," काकी म्हणाली. "झडपेवरची. आमच्याच जाळ्यातली."

मी पाण्याकडे बघत राहिले. मोडक्या झडपेतून ओहोटीला मासे बाहेर पडतात आणि तिथं घाड्यांची जाळी लागते, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतंच. बंधारा शिवेवरच असल्यामुळे गावपळणीतही जाळं चालू असे.

गुंजाळसर परत जायला निघाले आणि थबकले. "ताई, एक विनंती करू? सकाळपासून एक कुत्रंही फिरकलेलं नाही."

"कुत्रे आमच्यावांगडा भायर इलेहत," काकीनं त्यांना समजावलं.

"ते झालं. पण मला वर शून्य लिहून द्यावं लागेल हो. शंभर प्रश्न विचारतील. तुमच्यापैकी एकजण चला ना. पाच मिनिटांचं काम. कुणालाही द्या, माझं काही म्हणणं नाही. त्या बिचाऱ्या दोन बायका उभ्या आहेत, त्यांनाही बरं वाटेल."

काकीनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "सर, त्या बिचाऱ्या दोन बायका आम्हीच."

गुंजाळसरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग दुमडलेल्या पँटनिशी, डबा छातीशी धरून ते इतके हसले की पाण्यात पडता पडता वाचले. जाताना म्हणाले, "साडेपाचपर्यंत दार उघडं आहे."

ते मळ्याच्या टोकाला पोचेपर्यंत आम्ही बघत होतो. मग काकी वहाणा पायात घालायला लागली.

"जा तू," ती म्हणाली.

"खंय?"

"शाळेत. मत घाल जा. मी डबो दिलंय आणि परत इलंय, इतक्याच सांगतलंय. कोणाक कळूचा नाय."

"निकालात कळेल ना. एक मत दिसेल."

"दिसांदे. कोणी घातलान, तां थंय लिवलेला नसता." ती व्हाळापलीकडे बघत होती. "तुका ऱ्हवाचा हा गावात, म्हायती हा माका. सुलू रडी होती परवा."

सुलू म्हणजे माझी आई. आईला रडताना मी बघितलं नव्हतं.

मी उठले. चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं. चार पावलांत मी मध्यावर होते. तिथं थांबून मी मागं वळले. खरं म्हणजे का वळले ते सांगता येणार नाही. बहुतेक मला विचारायचं होतं, की ती एवढं का देते आहे.

"काकी, तुका निवडून येवचा नाय तर आधी मत घालूक कित्याक इललंस?"

"झडपेसाठी," ती म्हणाली. "तू इलंस तर झडप बसतली. जाळा गेला तर आमी काय खावचा? हंय बसान तोच इचार करी होतंय." मग थोडं थांबून: "पण तू धावत इलंस नि माझ्या बाजूक बसलंस. आता माझ्यान काय जावचा नाय."

मी मध्येच उभी. काकीनं मला तिथंच उभं ठेवून जे सांगितलं, ते तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जन्मायच्या आधी गावात एकदा खरी निवडणूक झाली होती. एका बाजूला माझे आजोबा, दुसऱ्या बाजूला काकीचे सासरे. कशासाठी, ते तिला नीट आठवत नव्हतं. बहुधा विहीर कुठं खणायची यावरून. आजोबा थोडक्या मतांनी जिंकले. मग काकीच्या सासऱ्यांनी ती जास्तीची मतं कुणाची, याचा शोध घ्यायला सुरुवात केली. ज्या घरावर संशय, त्या घराचं भात गिरणीत भरडणं बंद. आजोबांच्या बाजूच्यांनी उत्तर दिलं: घाड्यांच्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला जायचं नाही. आणि दोन घरांच्या मध्ये गडगा घातला गेला.

तो गडगा, म्हणजे दगडांची कोरडी भिंत, आमच्या परसात आजही आहे. तिला मध्ये एक खिंडार आहे, त्यातून आई आणि काकी दिवसातून दहादा ये-जा करतात. बाजूला दगडांचा ढीग पडलेला असतो. लहानपणी मी त्यावर बसून चिंचा खायची. ढीग तिथं का आहे, असं मी कधी विचारलं नव्हतं. हजार गोष्टींची कारणं विचारणारी मी.

"सुलू आणि मी एका गावच्यो," काकी म्हणाली. "एकाच शाळेत. तिका हंय दिल्यानी म्हणान मी पण हंय लगीन केलंय. तू झालंस तेव्हा मी गडग्याच्या पलीकडे. तुझ्या बारशाक पाळणो म्हटल्यानी, तो मी भात पाखडत आयकलंय. नाव काय ठेवल्यानी, तां तिसऱ्याकडसून कळला."

मी पाण्यातल्या दगडावर पाय रोवला.

"मगे गावपळण इली. तुझ्या आजान खोप त्या टोकाक घातल्यान, माझ्या सासऱ्यान ह्या टोकाक. पण शिवेभायर गडगो खंय असता? तू रांगणारा पोर. मी भात वाढी होतंय, बघतंय तर तू माझ्या ताटाकडे. मूठभर भात घेतलंस नि तोंडात घातलंस. सुलू शोधीत इली. दोन वर्सांनी आमी समोरासमोर." काकीनं ओचा सोडून लुगडं नीट केलं. "ती म्हणाली, मीठ जास्त नाय मां? तिका सोसणा नाय."

"आणि तू?"

"मी म्हटलंय, चाखान बघ."

गावात परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई गडग्याचे दगड काढायला लागली. काकीनं आपल्या बाजूनं काढायला सुरुवात केली. तिचे सासरे ओटीवर बसून बघत होते. त्यांनी अडवलं नाही. त्यानंतर गावानं निवडणूक होऊ दिली नव्हती.

"तू घराघरात जावन इचारलंस, झडप व्हयी की नको," काकी म्हणाली. "तुझा खरा हा. माझी चायसुद्धा मचूळ लागता, माका काय जीभ नाय? पण लोकांका आयकाक काय इला म्हायती? राऊळ व्हये, की घाडी? तेका माणूस काय सांगतलो? बगूया म्हणतलो."

मी पाण्यात उभी राहून ते सगळं पुन्हा पाहिलं. ते पाट, ती सोलकढी, ओंजळीतले आवळे. कुठल्याच घरात मला 'नको' म्हटलं नव्हतं. मी गेल्यावर त्यांनी काकीकडे भात भरडायला नेलं होतं आणि आमच्याकडे ब्लाउज शिवायला टाकला होता. माझं मोजमाप बरोबर होतं. मी फक्त पाणी मोजलं होतं.

"मग करायचं काय?" मी विचारलं. "विहिरी तशाच सोडायच्या?"

"तां माका काय म्हायत," काकी म्हणाली. "बी.एस्सी. तू."

शाळेचं दार उघडं होतं. गुंजाळसर ओट्यावर खुर्ची टाकून जेवत बसलेले दिसत होते. मी त्या दाराकडे बघितलं. मग चार पावलं मागे आले आणि चपला घातल्या.

मान वर केली तर काजूच्या बागेच्या कडेला आई उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. तिनं माझ्या ओल्या पायांकडे बघितलं, काकीकडे बघितलं आणि म्हणाली, "दोघी हंय बसलात काय? चाय निवली थंय."

मी मत घातलं की नाही, हे तिनं विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

संध्याकाळी चुलीशी आम्ही बसलो होतो. सगळी वाडी गोळा झाली होती, कारण रेडा सापडला होता आणि तो कसा सापडला हे भाई गुरवांना सगळ्यांना सांगायचं होतं. मतदानाची वेळ संपून गेली होती. आता कुणाकडे काही मागायचं उरलं नव्हतं. रेड्याची गोष्ट संपल्यावर मी सहज बाबुलीकाकांना विचारलं, की घरच्या विहिरीच्या पाण्याचा चहा मचूळ का लागतो, ठाऊक आहे का. ते म्हणाले, "सांग बगू, मशीनवाले."

मी सांगितलं. आकडे वगळून, भरती-ओहोटी आणि झडप एवढंच. मी थांबल्यावर कुणीही मान हलवली नाही, बगूया म्हटलं नाही. एकजण म्हणाला, की त्याच्या म्हशीही आता विहिरीकाठच्या डोणीला तोंड लावत नाहीत. दुसरा म्हणाला, झडप आंब्याच्या फळीची नको, कीड खाते. मग तिसऱ्यानं, ज्याची जाळ्याची जागा बंधाऱ्याच्या बाहेरच्या तोंडाशी होती, विस्तव सारखा करत विचारलं, की बाबुली, बाहेरच्या अंगाला तुझं जाळं लागेल का. बाबुलीकाकांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "लागात," ते म्हणाले. "पण मगे तुझा खंय?" आणि ते दोघं त्यावर वाद घालायला लागले, ओहोटीची ओढ कुणीकडे, खुंट कुठं मारायचे. बाकीचे मध्ये तोंड घालू लागले. मी ऐकत राहिले. मला त्यात कुणी काही विचारलं नाही आणि मला फार बरं वाटत होतं.

झडप लगेच बसली असं नाही. पुढे दोन पावसाळे गेले. ठराव लागला, अर्ज लागले, कचेरीत खेपा लागल्या. ते माळावर बसून होण्यासारखं नव्हतं. पण बाहेरच्या तोंडाची जागा बाबुलीकाकांना कुणी दिली आणि कधी ठरलं, हे कुठल्याही सभेत बोललं गेलं नाही. आता मी मालवणला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते आणि वायझड्याच्या विहिरींचे नमुने दरवर्षी स्वतःच घेते. खालच्या विहिरींचा रंग आता लवकर वळतो.

त्या मतदानाचा निकाल शून्य-शून्य लागला आणि चिठ्ठी टाकायला आम्हाला गावपळणीनंतरच्या आठवड्यात तालुक्याला बोलावलं. साहेबांनी दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, हलवल्या आणि काढणार कोण, असं विचारलं. काकीनं मला पुढं ढकललं. मी डोळे मिटून एक काढली. कपबशी.

एसटीत काकीचा चेहरा पडलेला होता. निवडून आली होती बिचारी. मी तिला खारे शेंगदाणे दिले. ते संपवून ती म्हणाली, की यापुढे सभेला मीही तिच्याबरोबर यायचं. सही ती करील, वाचायचं मी. मी म्हटलं, बिस्किटं अर्धी अर्धी.

घरी आलो तर बाबा दुकान बंद करून आधीच येऊन बसले होते. त्यांना बातमी पोचलेली होती. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सौदा सौदाच होता आणि माणूस शब्दाचा पक्का.

"तर मगे," ते म्हणाले, "गोव्याक कधी?"

परसात आई गडग्याच्या खिंडारात उभी राहून काकीच्या हातात गरम घावण्यांची ताटली देत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"बगूया," आई म्हणाली.